त्यांच्या गोळ्या

नको अक्का, तुम्ही घ्या, मी चहा सोडलाय — उपास नाही हो, लग्नाला आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "चहानी कूस जयस, बंद कर बठ्ठा." कूस जळते म्हणे चहानं. केला सगळा बंद. आधी डोकं ठणकायचं, आता काहीच होत नाही. डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या, अगं, दोन कपांनी काही बिघडत नाही, फक्त जेवणावर लगेच घेऊ नको, रक्त कमी आहे तुझं — डाळी खा, पालेभाजी खा, आणि मालकांना घेऊन ये, त्यांचंही तपासू. आले का? आले, कसेबसे, घरी न सांगता. दोष त्यांच्यात निघाला. फार मोठा नाही — गुटखा सोडा, रात्री गाडी चालवताना झोप उडवायला ते थंड पेयाचे डबे पिता ते कमी करा, अंडी खा, ह्या गोळ्या घ्या, होईल म्हणाल्या. परत येताना हे एवढंच बोलले, "आईला कळायला नको."

नाही कळलं. यांनी त्यांच्या गोळ्या माझ्या रक्ताच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवल्या — मग काय, सासूबाईंना वाटलं, बठ्ठ्या माझ्याच. रोज समोर उभ्या राहून पाणी देतात. मी गिळते. हे शेजारीच जेवत असतात, मान खाली घालून. अंडंही माझ्याच ताटात. राग? नाही येत. यायचा आधी.

माहेर चाळीसगावला. चार दिवस जाऊन ये, हे म्हणाले, म्हणून निघाले. हे आणि सासूबाई पिंपळनेरला गेलेत — नातेवाइकाकडे... म्हणजे, यांच्यासाठी मुलगी बघायला. शेजारच्या धुरपदाबाईंनी सांगितलं, तिचा नंबरही त्यांनीच दिला. सोडचिठ्ठी? माझ्याशी अजून कोणी बोललंच नाही. सकाळी मीच फोन लावला तिला. रेशमा नाव. म्हटलं, आधी त्या माणसाला तुझ्यासमोर औषध घ्यायला लाव, मग हो म्हण. घाबरली पोर. म्हणाली, "ताई, तुम्ही कोण?"

गिरधरची बायको — एवढंच तर म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. ठेवला फोन.

अहो, तुम्ही कशाला डोळे पुसता? मी रडतेय का? सरका जरा, पिशवी घेऊ द्या. चाळीसगावची गाडी लागली माझी.