पिवळ्या रेषेच्या मागे

जपानमधल्या सेंदाईत टेकडीवर जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे धातुसंशोधन संस्थेतले दोघे होते: म्हातारा तंत्रज्ञ चिबासान आणि त्याच्या हाताखालची तरुण मुलगी.

“तुम्ही रजेवर गेल्यापासून आठवडाभर चुंबकमापीचा काटा रोज सव्वानऊला हलतोय.”

“मिश्रधातूचा नमुना सैल बसला असेल.”

“नमुना ठेवलाच नव्हता. यंत्र रिकामं होतं.”

“मग लिफ्ट असेल. तीही लोखंडाचीच.”

“लिफ्ट बंद आहे. सव्वानऊला कोण यायचं, तुम्हाला ठाऊक आहे.”

“भट्टीवरचा ओनोदेरा गेला, पोरी. आपण दोघं होतो की स्मशानात.”

“त्यांच्या गुडघ्यात भट्टीतली लोखंडाची कपची रुतलेली होती. ते जवळ आले की काटा हलायचा, म्हणून तर तुम्ही जमिनीवर पिवळी रेषा आखलीत.”

“ती कपची मी स्वतः राखेतून अस्थी वेचायच्या काड्यांनी उचलली आणि अस्थींबरोबर कलशात ठेवली. शिवाय लोखंड एवढं तापलं की त्यातलं जुनं चुंबकत्व उरत नाही. हे मी सांगायचं का तुला?”

“मीही मनाला तेच सांगत होते.”

“मग केलंस काय?”

“काल तुमच्यासारखीच ओरडले. ‘ओनोदेरासान, रेषेच्या मागे!’”

“आणि?”

“काटा हळूहळू शून्यावर गेला.”

“पार शून्यावर?”

“चिबासान, बस आली.”

“अकरा वर्षं त्याला रेषेपलीकडेच उभं ठेवलं मी.”

“चढा ना, लोक खोळंबलेत.”

“आज ओरडू नकोस. कुठवर येतो ते बघू.”