नावांची वही

गेल्या आठवड्यातली गोष्ट. पाणी भरून झालं होतं. कपड्यांतली एकच चादर पिळायची राहिली होती. ती मला एकटीला पिळवत नाही, म्हणून तिचं एक टोक नळाला बांधलं, तेवढ्यात दारात आपल्या पेपरच्या कचेरीतले शिपाईकाका उभे. हातात आजच्या कार्यक्रमाची पत्रिका.

थांबा, चुकलं. आधी नमस्कार. सन्माननीय अध्यक्ष महोदय. आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे तीस वर्षांनी खुर्ची सोडणारे आपले संपादकसाहेब. प्रमुख पाहुणे, शहराच्या तुरुंगाचे माजी अधीक्षक. व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो! माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचायला शिकले ते आमच्या ह्यांच्या खाडाखोडीच्या कागदांवर. तेव्हा बोलणं खडबडीत वाटलं तर नवल नाही.

ह्यांच्याबद्दल दोन गोड शब्द बोला, असं निवेदकताईंनी बजावलंय. गोड माझ्याकडे फारसं उरलेलं नाही. जे आहे ते वाढते.

हे मुक्त पत्रकार होते. मुक्त म्हणजे काय, ते मला लग्नानंतर कळलं. ना खुर्ची, ना ओळखपत्र, ना रजा. सव्वीस वर्षं हे ज्यांचं कुणी ऐकत नाही, त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. कोठडीतून न परतलेल्या मुलांचे बाप, कारखान्यात कोंडून ठेवलेले कामगार, पाडलेल्या घरांतली माणसं. माझी नणंद म्हणायची, "वहिनी, दादाला लग्नाला बोलवायची सोय नाही. नवरानवरी राहतात बाजूला, हा वाढप्याला विचारतो, सुट्टी कधी मिळते?"

ह्यांच्या दोन वह्या असायच्या. एकीत हकिकती, त्यांत नावं नाहीत, नुसते आकडे. एक नंबरची बाई, दोन नंबरची बाई. कुठला आकडा कुणाचा, ते दुसऱ्या वहीत. एकेका माणसाला एकेक पान. नाव, पत्ता, खाली सही नाहीतर अंगठा. ती वही माझ्या ताब्यात, शिलाई मशीनच्या खणात.

नावांच्या शेवटच्या वहीत अकरा पानं होती. सुटकेचा हुकूम आल्यावरही ज्यांना महिनोन्महिने तुरुंगातून सोडलं नाही, अधीक्षकांच्या बंगल्यावर धुण्याभांड्याला राबवलं, अशा अकरा बायकांची. पाहुणेसाहेब, पाणी घ्या. समोरच ठेवलंय.

नाव छापायचं नाही, या एका अटीवर त्या बोलल्या होत्या. चार रविवार ती मालिका आपल्याच पेपरात आली. अंक पुरेनात. पाचव्या रविवारी ह्यांना नेलं. आरोप काय, तर खोटा मजकूर. सुटायचा रस्ता काय? बायकांची नावं सांगा आणि घरी जा.

मी धावत संपादकसाहेबांकडे गेले. एका ओळीचं पत्र मागितलं, हा माणूस आमच्यासाठी लिहीत होता, एवढंच. साहेब काय म्हणाले? आठवतंय ना, साहेब?

"वहिनी, ते आमच्या पटावर नाहीत. संबंध लेखापुरता."

मी म्हटलं, "लेख तर तुमच्याच पानावर आहे."

"म्हणूनच तर," म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा मागवला.

हे सात महिने आत होते. एकदा मीच खचले. जाळीआडून विचारलं, "सांगून टाकायची का हो नावं?"

"वही कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग मला काय विचारतेस? मला कुठे पत्ते पाठ आहेत!" म्हणाले आणि हसले. हसता हसता खोकला लागला. तो खोकला घेऊनच घरी आले आणि दीड वर्षात गेले. त्यालाही सहा वर्षं झाली.

आजच्या स्मरणिकेत ह्यांचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'आमचे ज्येष्ठ सहकारी'. वाचून बरं वाटलं. जिवंतपणी पटावर जागा नव्हती, मेल्यावर झाली. मेलेला माणूस पत्र मागत नाही ना!

आणि पत्रिकेत काय छापलंय? 'दिवंगत पत्रकाराची नावांची मूळ वही त्यांच्या पत्नी प्रमुख पाहुण्यांच्या हाती सुपूर्द करतील.' मला विचारलं कुणी? शिपाईकाकांची मान वर होईना. "वहिनी, मी आपला पोचवणारा," म्हणाले. मी साहेबांना फोन लावला.

"अहो, पाहुण्यांचं मन केवढं मोठं बघा," साहेब म्हणाले. "ज्यांच्यावर टीका झाली, तेच गौरव करतायत. वही आपल्या दालनात काचेच्या पेटीत राहील. उघडून ठेवू, म्हणजे लोकांना अक्षर दिसेल."

उघडून! सात महिने कोंडून जे मिळालं नाही, ते एका पुष्पगुच्छात मिळणार? त्या अकराजणींतली कुणी आज सासू आहे, कुणी लहान मुलांना शिकवते, कुणाच्या नवऱ्याला ती आत होती हेच ठाऊक नाही. साहेब, तीस वर्षं तुम्ही बातम्या छापल्यात. नाव छापू नका म्हणून कुणी तुमचा हात धरला होता का कधी? धरला असता तर ही ओळ छापताना तो हात अडखळला असता.

असो. वेळ संपल्याची चिठ्ठी आली. मला इथे उभं केलंत, माईक दिलात, मध्येच बंद केला नाहीत, याबद्दल सगळ्यांचे आभार. तोंडून चुकून काही गेलं असेल तर पदरात घ्या. मुद्दाम बोलले ते तेवढं लक्षात ठेवा.

त्या टेबलावर वहीसाठी मखमल अंथरलीय. ती आता उचलायला हरकत नाही. पत्रिका आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कात्री आणि वही पिशवीत घालून पहिल्या बसने निघाले. अकराही जणी ह्याच शहरात राहतात. ज्या बाईचं पान, ते कापून तिच्या हातात दिलं. एकीला नळावर गाठलं, घरी नवरा होता म्हणून. एकीने तिथल्या तिथे शेगडीत घातलं. एक म्हणाली, "वहिनी, दादांचं अक्षर आहे. तुम्हाला नको?"

"हवंय गं," मी म्हटलं. "पण पान तुझं आहे."

संध्याकाळी सहाला अकरावं पान पोचवलं आणि वहीचे पुठ्ठे रद्दीत टाकले.