सरबताच्या बाटल्यांतलं पाणी

हॅलो?… कोन, आक्का?… व्हय, गोजराच बोलतीय. मोठ्यानं बोल की, हितं मशीन चालूय!

शहाण्णवचा वैशाख होता. रबाळ्याच्या सरबत कंपनीत मालकिणीच्या केबिनमध्ये गोजरा उभी होती. साताऱ्याकडून थोरल्या बहिणीचा फोन आलाय म्हटल्यावर मालकीणबाईंनी स्वतः रिसीव्हर तिच्या हातात दिला नि त्या बाहेर गेल्या.

आगं न्हाय, न्हाय… कोन म्हनलं गेला म्हनून?… तुझा भैरू चांगला जित्ता हाय! दवाखान्यात हाय. काल वाटीभर पेज प्याला… व्हय, माझ्या हातानं… रडू नकोस, आदी ऐक.

कावीळ गं… आमच्या घणसोलीत घरटी एक मानूस पडलंय. नळाच्या पायपात गटार शिरलं… भैरूनं कुटं सांगितलं! डोळं पिवळं दिसाय नकोत म्हनून काळा गॉगल लावून हितं कामावर यायचा. नोकरी जाईल म्हनून, दुसरं काय!

मालकीणबाईंनीच गॉगल काढायला लावला… न्हाय, वरडल्या न्हाईत. पैलं काय इचारलं सांगू? 'भैरू, घरात कुणी गरोदर आहे का?'

व्हय, तुझी सूनच की. आठवा लागलाय राजेश्वरीला… त्यात एवढं भ्या असतंय ते मला तरी कुटं ठावं होतं, आक्का? बाईंनी बोलवलेल्या डॉक्टरीणबाई म्हनल्या, पोटुशीला ही कावीळ झाली तर दोन्ही जीव…

गोजरानं पदरानं तोंड पुसलं.

हाय, हाय, ऐकतीय… मग काय! बाईंनी सरबतच बंद केलं… बंद म्हंजे बंद! ऐन उन्हाळ्यात!… याड न्हाय लागलं त्यास्नी, ऐक तर! पाक उकळायच्या त्या थोरल्या भांड्यांत आता पानी उकळत्यात. त्येच बाटल्यांत भरत्यात नि टेम्पोनं घणसोलीत धाडत्यात… नुसतं कामगारांना न्हाय गं, अख्ख्या गल्लीला! आमचा घरमालक, त्यो वानी, सगळी हांडा-कळशी सोडून बाटल्या न्हेत्यात.

राजेश्वरी? हितंच हाय. गरवारशा बायकांना वरच्या हॉलमधी खाटा टाकून दिल्यात. पाईप दुरुस्त होईस्तवर घरी जायचं न्हाय म्हनल्यात.

इचारलं की! म्हनलं, बाई, धंद्याचं कसं?… तर म्हनल्या, 'मावशी, माणसं कमी पडतायत. झाकणं लावायला येता का?'… मग! तवापास्नं झाकनं लावतीय मी. स्वतः बाई माझ्या शेजारी उभ्या ऱ्हात्यात, आक्का. केसाला फडकं बांधून!

काचेपलीकडून बाटल्या एकीमागं एक सरकत येत होत्या. लेबलावर लालभडक कोकम नि आत नितळ पाणी. गोजरा बोलता बोलता बघतच राहिली.

काय?… आगं, बाटल्या बगतीय. अंगावर काटा येतो गं बगून. आपलं कोन लागत्यात ह्या, सांग की…

थांब, थांब! डॉक्टरीणबाई आल्या. राजेश्वरीचं रगत तपासाय न्हेलंवतं… काय वो बाई?… आँ?… परत सांगा…

आक्का! न्हाय! तिला कावीळ न्हाय! दोगंबी बेस हायेत! पोराचं ठोकं पन नीट लागत्यात म्हनं… ऐकलंस का? हॅलो?… आक्का, बोल की काय तरी!

तिकडून हुंदका आला की हसू, ते कळायच्या आत लाईन कटली.