हात लावू नका

चार्जर बदलून घ्यायला आलेली शिक्षिका दुकानातल्या एकुलत्या बाकावर टेकली होती. काउंटरपाशी एक आजोबा उभे होते आणि दुरुस्ती करणारी बाई त्यांच्या लॅपटॉपात डोकं घालून बसली होती.

“काका, ही एक्सेलची फाइल कुणी बनवली?”

“लेकीनं. ती उघडली की ब्राउझर आपोआप सुरू व्हायचा आणि रोजचं शब्दकोडं उतरवून ठेवायचा. मॅक्रो की काय म्हणतात ना?”

“हो, मॅक्रोच. पण त्या साइटनं पान बदललंय. याला जुनं बटण सापडत नाही, म्हणून हा अडकून बसलाय.”

“आणि ही चौकट?”

“‘बाबा, जरा दम धरा. हात लावू नका, आणतेय.’ कोडं उतरेपर्यंतच दिसायची असणार. आता ते उतरतच नाही, म्हणून ही हलत नाही.”

“मी मध्येच काहीबाही दाबायचो ना! फार करवादायची माझ्यावर.”

“मग तिलाच सांगा की, काका. तिच्या डाव्या हातचा मळ आहे.”

“मागच्या थंडीत गेली ती.”

शिक्षिकेनं हातातल्या चार्जरची वायर उगाच गुंडाळली.

“द्या, मी नीट करून देते. चौकट पूर्वीसारखी चटकन जाईल.”

“नको, नको! पूर्वी धड वाचूनही व्हायची नाही हो.”

“मग कोडं?”

“कोडं राहू द्या, ताई. ती म्हणते हात लावू नका, आणि हात नाही लावला की थोड्या वेळानं स्क्रीनच काळी पडते. तेवढं बघा.”