गच्चीवरचे गज

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभी आहे. आपल्या माणसाला त्रास नको, म्हणून आपलं दुःख त्याच्यापासून लपवावं का? हे पुण्य की पाप? माना डोलवू नका! आधी ऐका!

भडगावात मुरलीधरअण्णा म्हणून एक निवृत्त पोस्टमन होते. घरात बायको सुमती आणि लेक शैलजा. शैलजा शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही, आईबापांजवळच राहिली. तिच्या पाठचा हेमंत. घर बांधलं तेव्हा अण्णांनी स्लॅबवर खांबांचे गज तसेच उभे सोडले — पुढे हेमंतचा मजला चढवायचा ना! हसताय? अहो, तुमच्याही गच्चीवर आहेत! पोरगं पाळण्यात, आणि त्याच्या मजल्याची तयारी वर! आता मला सांगा, लेकीसाठी गज ठेवलेले कुणी पाहिलेत?... नाही ना? असू द्या.

तो हेमंत मोटारसायकलच्या अपघातात गेला. ऐन पंचविशीत.

त्या दिवसापासून घरात त्याचं नाव निघालं नाही. पण दर उन्हाळ्यात अण्णा लाल रंगाचा डबा घेऊन वर जात आणि गजांना रंग देत. गंजू नयेत म्हणून! कुणाच्या मजल्यासाठी? हे विचारायची शैलजाची छाती होत नव्हती.

पुढे सुमतीबाईंची फुप्फुसं थकली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. मशीन विजेवर — आणि वीज कुणाच्या मर्जीवर, ते तुम्हाला मी काय सांगू! शैलजाने ठरवलं, गच्चीवर सोलर बसवायचं, बॅटरीसकट. पॅनेलवाला आला. वर चढला, इकडे तिकडे पाहिलं.

"ताई, ऊन भरपूर आहे. पण हे गज मध्ये येतात. सावली पडेल, सांगाडाही बसायचा नाही. कापावे लागतील."

"गजांना हात लावायचा नाही!" अण्णा म्हणाले, आणि खाली उतरले.

"अण्णा, आईसाठी आहे हो."

"दिवाळीनंतर बघू."

अहो, श्वास कधी दिवाळीपर्यंत थांबतो का?

वैशाखातली दुपार. वीज गेली. मशीन बंद! शैलजाने घरातला ऑक्सिजनचा सिलेंडर लावला, तर तोही वीज यायच्या आत संपला. अण्णा दुसऱ्यासाठी सायकल घेऊन धावले, या वयात, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. इकडे आईचे ओठ निळे पडत चाललेले, आणि शैलजा तिच्या पाठीला आधार देऊन बसलेली. वारा घालायचं पुठ्ठ्याचं झाकणही हातातून गळलेलं. सिलेंडर आला. आई वाचली. मग मात्र लेकीचा बांध फुटला. अंगणात बापाला गाठून ती म्हणाली,

"हेमंत गेला, अण्णा! तो येणार नाही! कुणासाठी रंगवता ते गज?"

अण्णा खाली बसले.

"तुझ्या आईसाठी. दर वर्षी विचारते मला, गज गंजले नाहीत ना? तिला काय सांगू — कापले?"

शैलजा तशीच आत गेली. आईजवळ बसली.

"आई, तुला ते गज हवेत?"

सुमतीबाईंनी नाकावरची नळी सरळ केली. एकेक शब्द श्वासाला विचारून बाहेर येत होता.

"मला काय करायचेत गं... त्यांच्यासाठी विचारते. वर गेले की... ते बोलतात त्याच्याशी. मला खाली ऐकू येतं. मी विचारलं नाही... तर जातील का वर?"

ऐकलंत, मंडळी? तो तिच्यासाठी रंगवतो, ती त्याच्यासाठी विचारते! दोघांच्या मायेत खोट नाही. आणि त्या मायेपायी श्वास अडकला होता तिचाच!

शैलजाने अण्णांना हाताला धरून आत आणलं, खाटेवर बसवलं. म्हणाली, "आता मला सांगितलंत ते एकमेकांना सांगा." आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मग आईचा आवाज आला, "आपला हेमू..." आणि पाठोपाठ अण्णांचं रडणं. एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा!

आठवडाभरात कटरवाला आला. अण्णा वर उभे होते. गज सुटला की खाली पडू देत नव्हते, हातात धरून अलगद ठेवत होते. खाली आई लेकीला म्हणाली, "शैले, वर मजला तुला हवा का... हे आम्ही कधी विचारलंच नाही गं."

"मला खालीच बरं होतं, आई. तुमच्याजवळ."

पॅनेल बसले. त्यानंतर वीज कितीदा गेली, पण मशीन थांबलं नाही. श्रावणात सुमतीबाई गेल्या. शैलजा जवळच होती. मशीन चालू होतं, श्वास तेवढा थांबला होता. कुठल्या सोलरने मरण टळतं, मंडळी? पण शेवटचे तीन महिने त्या घरात हेमंतचं नाव रोज निघालं. त्याला वांग्याचं भरीत आवडायचं की नाही, यावरून नवराबायको भांडलीसुद्धा!

म्हणून म्हणते, जपण्याच्या नावाखाली गप्प बसू नका. तुमच्याही घरात एखादं नाव असेल, जे कुणी घेत नाही. आज जेवायला बसाल, तेव्हा ते तुम्ही घ्या. समोरचा रडेल. रडू द्या. पण त्याला एकट्याने रडायला लावू नका!