लोकर आता अंगणात

मिरजेच्या छातीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासू आपल्या सुनेशी दबल्या स्वरात बोलत होती.

"पल्लवे, डाक्टर लोकर पिंजायची सोडा म्हनतील का गं?"

"मी बोलते की आत्या. आता घरात कुटं पिंजताय? समदं अंगणात."

"ती अक्कल तुजी. सामान भाईर मांडलंस तवा मी गावभर सांगितलं, सून मला घराभाईर काढतीया."

"ऐकलंय!"

"घरात लोकरीचं तूस उडायचं, तेच छातीत जात हुतं. आता धाप न्हाई, निवांत निजते."

"मग हेबी गावभर सांगा."

"सांगितलं की. तुज्या आईलाबी फोन केला."

"आवं, मला न्हाई बोललासा?"

"लाज वाटली गं."

आतून हाक आली, "धोंडुबाई!"

"ऊठ पल्लवे. आधी तू फुडं हो."