ऐकू येण्याचं यंत्र

कानाच्या दवाखान्यात मास्तरीणबाई ऐकू न येणाऱ्या यजमानांना घेऊन नंबरची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"दादाला मशीन चांगलं लागलं ना, वहिनी?"

"सगळं ऐकू येतं. फोनसुद्धा मशीनलाच जोडलाय, वायरबियर नाही. बातम्या थेट कानात."

"सुटलीस. ओरडून घसा बसायचा तुझा."

"बसायचा. पण तेव्हा मी बोलायला लागले की हातातलं टाकून माझ्या ओठांकडे बघायचे, वन्सं."

"आणि आता?"

"भिंतीकडे बघत हं म्हणतात. परवा मी समोर बसून नुसतेच ओठ हलवले. बराच वेळ."

"मग?"

"कळलंच नाही त्यांना."

इतक्यात मास्तरीणबाईंचा नंबर पुकारला गेला. यजमान त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

"आपला नंबर आला का गं?"

"नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "अजून थोडा वेळ आहे."